आमचीं घरें, गोठे आणि खळीं

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगीं ख्रिस्तमंदिराचा इतिहास सांगावा अशी आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. पायाचा दगड कोणत्या सालीं बसला, घंटा कोणीं दिली, छप्पर केव्हां बदललें, हें सर्व या पुस्तिकेच्या इतर पानांवर आपणांस वाचावयास मिळेल. आम्हीं मात्र आज मंदिराच्या आवाराबाहेर पडून, त्याच्या घंटेचा नाद जेथवर पोंचतो तेथवरच्या घरांकडे आपलें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. याचें कारण साधें आहे. मंदिराचा कागद आहे. बाप्तिस्म्यांचीं, लग्नांचीं व मृत्यूंचीं दप्तरें कपाटांत सुरक्षित आहेत. परंतु बाप्तिस्मा झालेलें मूल ज्या घरीं परत नेलें, त्या घराचा कागद कोठेंच नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन आहे, घरपट्टीच्या पावतीवर रक्कम आहे; पण घराला खांब किती होते, ओटी कोणत्या दिशेला होती, गोठा कोठें होता, हें लिहून ठेवणें कोणाच्याच कामाचें नव्हतें. आणि आतां तीं घरें एकामागून एक उतरविलीं जात आहेत.

आम्ही जें सांगणार आहों तें वसईच्या पश्चिम पट्टीपुरतें आहे. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगांव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूच्या वाड्यांचें. येथील घर मोठें कलाकुसरीचें नव्हे. कोणी प्रवासी तें पाहावयास आला नाहीं, व आला असता तरी किल्ल्यांतील पडक्या भिंती पाहून परत गेला असता. तेव्हां या घराचें वर्णन आपणच केलें पाहिजे.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईचा प्रांत पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. या दोनशें वर्षांत आमच्या पूर्वजांचा धर्म बदलला, नांवें बदललीं, कांहीं अंशीं पेहरावही बदलला. घर बदललें काय? आमच्या मतें फारसें बदललें नाहीं, आणि याची साक्ष शब्दच देतात. चावी, बिजागरी, घमेलें, बादली हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. परंतु खांब, तुळई, आढें, वासा, ओटी, पडवी, माजघर, माळा हे सर्व आपलेच, व शेजारच्या हिंदु बांधवाच्या घरींही तेच. म्हणजे परकीयांकडून आम्हीं दाराला लावण्याच्या व हातांत धरण्याच्या वस्तु घेतल्या. घराचा सांगाडा घेतला नाहीं. वसईच्या दगडाची कीर्ति मात्र दूर गेली. गोव्याच्या बॉं जेझू बासिलिकेचें काम १५९४ त सुरू होऊन १६०५ त तिचें पवित्रीकरण झालें. तिच्या दर्शनी भागाला वसईहून नेलेला काळा दगड लाविलेला आहे. तोच दगड वसईच्या शेतकऱ्याच्या घरांत जोत्याच्या वर क्वचितच चढला! किल्ल्यांतील दगडी वाडे आज भग्न आहेत, आणि मातीकुडाच्या घराची मांडणी मात्र बापाकडून मुलाकडे येत राहिली. यांत कोणास आश्चर्य वाटल्यास त्यानें दोन्ही घरांच्या छपराची निगा कोण करीत होता याचा विचार करावा.

आतां घराकडे वळूं. घर केवढें, असें विचारल्यास जुना मनुष्य फुटांत उत्तर देत नसे. तो खणांत देई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, साधारण पांच-सहा फुटांचा. तीन खणांचें घर गरिबाचें, पांच खणांचें बऱ्या स्थितींतल्याचें, आणि सात खणांचें म्हटलें कीं ऐकणारा क्षणभर गप्प होई. भिंत ही केवळ आडोसा. सारा भार खांब व तुळया यांवर. म्हणून भिंत पावसानें विरघळली किंवा कुजली तर छपराला धक्का न लावतां ती पुन्हां घालतां येत असे. कुडाची भिंत कारवीची. ही कारवी पूर्वेकडील तुंगारेश्वराच्या डोंगरांतून येई. सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलून मरणारी ही वनस्पति आहे, आणि वाळल्यावर तिच्या काठ्या सरळ व चिवट होतात. त्या उभ्या ओळीनें बांधून दोन्ही बाजूंनीं माती, शेण व भाताचें तूस यांचा लेप देत. ज्याची ऐपत असे तो विटांची भिंत घाली व समुद्रकांठच्या शिंपल्यांचा चुना वापरी.

जोतें मात्र सर्वांचें दगडी, आणि उंच. गुडघ्याहून कमी जोतें असलेलें जुनें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. कित्येकांचें कमरेइतकें आहे. आमच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत सुमारें ८० इंच, म्हणजे नव्या मापानें २००० मिलिमीटर पाऊस पडतो, व जमीन समुद्रसपाटीहून फार उंच नाहीं. भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी खाडीकडे वाहून जाण्यास थांबतें, हें पूर्वजांस कोणा तज्ज्ञानें सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं आधीं जोत्याची उंची ठरविली आणि मग घर बांधलें.

अंगणांतून दोन-तीन पायऱ्या चढल्या कीं पडवी, पडवीच्या वर एक पायरी ओटी. ओटीवर झोपाळा, एका कोंपऱ्यांत शेतीचीं आउतें. पाहुणा येथें बसे, सोयरीक येथें जुळे, भावाभावांची वांटणी येथें होई, आणि प्रेतही अखेरचें येथूनच निघे. पण सत्य सांगावयाचें तर ओटीवर सर्वांस सारखी जागा नव्हती. वाडींत राबणारा मजूर पडवीच्या कडेला किंवा अंगणांतच बसे, त्याचें पाणी वेगळ्या भांड्यांतून येई. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्या आम्हां लोकांच्या घरांतून हा उच्चनीच क्रम कित्येक पिढ्या गेला नाहीं. तो पायऱ्यांच्या उंचींतच बांधलेला होता. जुन्या घराची स्तुति करणाऱ्यानें ही पायरी टाळून पुढें जाऊं नये.

ओटीच्या आंत माजघर. त्याला खिडक्या थोड्या, प्रकाश मंद, आणि भर उन्हाळ्यांतही गारवा. येथेंच आल्तार असे: भिंतीला बसविलेली लांकडी फळी किंवा कपाट, त्यांत पवित्र मातेची व संतांचीं चित्रें, पुढें तेलाचा दिवा. आणि येथेंच भाताची कणगी. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आंतून-बाहेरून शेणमातीनें लिंपलेली ही कणगी घराच्या सर्वांत कोरड्या जागीं ठेवीत. बियाण्याचें भात पेंढ्यांत गुंडाळून दोरीनें आवळलेल्या मुड्यांत असे. देवाचें व दाण्याचें स्थान एकाच खोलींत होतें. सायंकाळीं आंजेलुसची घंटा झाल्यावर जपमाळ सुरू होई, तेव्हां मुलें कणगीला टेकून बसत व पांचव्या दशकापर्यंत त्यांतील निम्मीं झोंपीं जात. माजघराच्या मागें चूल, आणि वर माळा. चुलीचा धूर माळ्यांतून कौलांबाहेर जाई. त्या धुरानें वांसे काळे होत, परंतु त्यांस कीड लागत नसे.

छपराविषयीं थोडें विस्तारानें बोललें पाहिजे. सर्वांत गरिबाचें छप्पर पेंढ्याचें किंवा ताडाच्या झावळ्यांचें; त्यावर गांवच्या कुंभारानें केलेल्या नळीच्या कौलांचें. हीं कौलें एकावर एक उपडीं-उताणीं घालीत. त्यांच्यामध्यें हवा खेळे, म्हणून घर थंड राही. पण वारा, मांजरें व माकडें यांमुळें तीं सरकत, आणि दरवर्षीं वैशाखांत सारें छप्पर चाळावें लागे. यासाठीं शेजारीपाजारीं पाळी असे. आज आमचें, उद्यां तुमचें. इ. स. १८६५ त बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील चपटें, खाच असलेलें कौल पुढें साऱ्या किनाऱ्यावर पसरलें. बासेल मिशन हें प्रॉटेस्टंट पंथाचें. आमच्या जुन्या धर्मगुरूंनीं प्रॉटेस्टंट पुस्तकें घरांत ठेवूं नयेत म्हणून बजावलें. त्याच घरांच्या डोक्यावर मंगळुरी कौल निमूटपणें बसलें, व त्याबद्दल कोणाचें प्रवचन झाल्याचें ऐकिवांत नाहीं! या कौलानें वर्षाचें चाळणें संपविलें. त्याबरोबर शेजाऱ्यांची पाळीही संपली, आणि कुंभाराचा धंदाही.

असो. परंतु घर म्हणजे एवढेंच नव्हे. जुन्या लॅटिन विधिग्रंथांत नव्या घरासाठीं जशी आशीर्वादप्रार्थना आहे, तशीच गोठ्यासाठीं आहे, धान्याच्या कोठारासाठीं आहे, विहिरीसाठींही आहे. खेड्यांतील मनुष्याचें घर चार भिंतींत संपत नाहीं, ही गोष्ट पवित्रसभेला ठाऊक होती. आम्हांस वाटतें, वसईचें घर समजून घ्यावयाचें तर ओटीपासून सुरुवात न करतां मागल्या दारापासून करावी.

मागल्या दारीं किंवा घराच्या एका बाजूस, बहुधा त्याच छपराचें पाखें खालीं ओढून, गोठा केलेला असे. दोन बैल, एखादी गाय, आणि रहाटासाठीं रेडा. खालीं दगडी फरशी, तिला मागच्या बाजूस उतार, उताराच्या टोंकाला नाली, आणि नालीच्या टोंकाला उकिरडा. समोर लांकडी गव्हाण. गव्हाणींतला पेंढा आपल्याच खळ्यावरचा. गोठ्यांतल्या शेणानें अंगण व माजघर सारवीत, उरलेलें उकिरड्यावर जाई, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तें शेण, पालापाचोळा व डाहळ्या शेतांत पसरून राब भाजीत. त्या भाजलेल्या जागेवर पहिल्या पावसांत भाताचीं रोपें करीत. चुलींतली राख भांडीं घांसून उरली तर केळींच्या बुंध्याशीं. फेंकून द्यावें असें या घरांत कांहीं निघतच नव्हतें. आज आपण ओला कचरा व सुका कचरा यांच्या दोन पेट्या ठेवतों व त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतों!

पावसाळा सरला कीं अंगणाच्या एका भागाचें खळें होई. गवत खरवडून काढावयाचें, पाणी मारून चोपण्यानें जमीन चोपावयाची, मग शेणाचा सारवा द्यावयाचा. दाणा मातींत जाणार नाहीं इतकी ती घट्ट झाली पाहिजे. कापलेल्या भाताच्या पेंड्या रचून उडवी करीत, कणसें आंत व बुंधे बाहेर, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी दाणा भिजत नसे. मग झोडणी. झोडून उरलेल्या पेंढ्याची गंजी उंच माचावर, वाळवी लागूं नये म्हणून. भात कणगींत गेल्यावर तें खळें रिकामें राहात नसे; त्यावर मिरच्या व वाल वाळत, आगाशीकडे राजेळी केळीं सोलून मांडवावर उन्हांत घालीत व रात्रीं झांकीत, आणि कांहीं दिवसांनीं त्यांचीं मधासारखीं सुकेळीं होत. ईस्टरनंतर त्याच जागीं लग्नाचा मांडव पडे. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणीत तें याच खळ्यावरून. साष्टीकडील आपले बांधव आगेराच्या सणाला नव्या भाताचीं कणसें मंदिरांत नेऊन आशीर्वादित करून घेतात. आम्हां वसईकरांच्या घरांत नव्या भाताचा पहिला मान आल्तारापुढें असे.

आतां बावखल. हा शब्द वसईबाहेर सांगावयाचा तर समजावून द्यावा लागतो. विहीर नव्हे, तळेंही नव्हे; वाडीच्या सखल भागीं खणलेला, न बांधलेल्या कांठांचा गोड्या पाण्याचा खोल डोह म्हणजे बावखल. पावसाचें पाणी चोहोंकडून त्यांत उतरे, तेथून जमिनींत मुरे, व समुद्र जवळ असूनही आसपासच्या विहिरींचें पाणी गोड राही. गोडें पाणी जमिनींत भरलेलें असलें म्हणजे तें खाऱ्या पाण्याला आंत येऊं देत नाहीं, हा साधा नियम आहे. बावखलाच्या कांठीं रहाट. मोठें लांकडी चाक, त्यावर दोरांची माळ, माळेला ओळीनें बांधलेलीं मातीचीं गाडगीं. डोळ्यांना झांपडें बांधलेला रेडा फेर धरी. गाडगीं खालून भरून वर येत, पन्हळींत ओतत, व पन्हळींतून पाणी पाटानें केळींना, पानवेलींना, फुलझाडांना जाई. गाडगें फुटलें तर दुसरें बांधावें. चाकाचा दांता मोडला तर गांवचा सुतार होताच. या यंत्राचा मोठा गुण असा कीं, त्याला हांव नव्हती. रेडा दमे, आणि पाणी उपसणें थांबे. मग रात्रभर झरा आपला भरून येई.

किनाऱ्यावरील कोळी बांधवांचें घर याहून वेगळें, तें थोडक्यांत सांगतों. त्यांस गोठा नाहीं, खळें नाहीं. अंगणांत बोंबील वाळविण्याच्या वलांड्या, ओटीवर जाळें विणण्याची जागा, आणि घरें एकमेकांना खेटून, कारण वाळूची जागा थोडी व वारा फार. तें घर होडीकडे तोंड करून बसलेलें असतें, आमचें वाडीकडे. त्याविषयीं अधिकारवाणीनें बोलावयाचें तर तें कोळी बांधवांनींच बोलावें.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, आम्ही जुन्या काळीं परत चला असें म्हणत आहों. तसें मुळींच नाहीं. जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांतील फारच थोड्यांनीं आयुष्यांत एकदां तरी जमीन सारवली असेल. दर आठवड्याला ओणवें होऊन शेणाचा सारवा देणें, पहांटे जात्यावर बसणें, उखळांत भात सडणें, कमरेवर व डोक्यावर पाणी आणणें, धुराच्या चुलीपुढें डोळे चोळीत वीस माणसांचें रांधणें, हें सर्व ज्यांनीं केलें त्या आमच्या आयाआज्यांस विचारलें असतें, तर त्यांनीं फरशी, नळ आणि गॅसची शेगडी यांचीच निवड केली असती, आणि त्यांचें बरोबर होतें. गोठा भिंतीला लागून असल्यामुळें माशा व डांस घरांत येत. माजघर गार खरें, पण बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलींत वारा शिरत नसे. या गोष्टी गेल्या तें चांगलेंच झालें.

आमचें म्हणणें निराळें आहे. घर कोणत्या क्रमानें गेलें, तो क्रम पाहा. रेल्वे १८६४ त वसईवरून गेली, मंगळुरी कौल आलें, तरीही घर आपल्या जागीं होतें. प्रथम गेला तो रहाट. त्याच्या जागीं तेलावरचा व मग विजेवरचा पंप आला. पंप दमत नाहीं. रहाट गेला तेव्हां रेडा गेला. ट्रॅक्टर आला तेव्हां बैल गेले. जनावरें गेलीं तेव्हां गोठा रिकामा झाला. कोणीं त्यांत भाडेकरू ठेविला, कोणीं मोटारसायकल. शेण नाहीं म्हणून खळें नाहीं. अंगणाला लाद्या बसल्या. मग पाणी विकण्याचा धंदा आला. १९८० नंतरच्या दशकांत वाड्यांतील विहिरींतून टँकर भरभरून पाणी वाढत्या वस्तीकडे गेलें, आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. तेव्हां दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें उभे राहिले, हें आपण सर्व जाणतां. जिचें पाणी खारें झालें त्या वाडीचें उत्पन्न गेलें; उत्पन्न गेलें तेव्हां बावखल ही नुसती अडचण वाटूं लागली व तें भरावानें बुजविलें; आणि इतकें झाल्यावर, पांच भावांच्या नांवावरचें तें घर ठेवून करावयाचें काय, हा प्रश्न उरला. घर आधीं बाहेरून गेलें, आंतून शेवटीं. ओटी वांचवा म्हणून आज जे म्हणतात, ते रहाट गेला त्या दिवशीं कोठें होते, असें विचारण्याचा मोह होतो. परंतु त्या दिवशीं आपण सर्वच पंप पाहावयास गर्दी करून उभे होतों.

मग नव्या घराकडे पाहा. सपाट स्लॅबचें घर बांधलें. पांच-सात पावसाळ्यांत स्लॅब पाझरूं लागला. आणि आतां गांवोगांव त्या स्लॅबवर लोखंडी चौकटी उभारून उतरत्या पत्र्याचें छप्पर घातलेलें दिसतें. म्हणजे उतार परत आला, एका छपराच्या खर्चांत दोन छपरें करून! जोत्याचेंही तसेंच. नवें घर रस्त्याच्या पातळीला बांधतात, मोटार सरळ आंत यावी म्हणून. रस्त्यावर दर कांहीं वर्षांनीं खडी-डांबराचा नवा थर चढतो, आणि घर आपोआप खळग्यांत जातें. जुलै २०१८ च्या पुरांत वसईची रेल्वे बंद पडली, गाड्यांत अडकलेल्या प्रवाशांना सोडवावें लागलें, वस्त्यांतून दिवसच्या दिवस पाणी राहिलें. ज्यांच्या घरांत पाणी शिरलें त्यांनीं जुन्या घराचें जोतें मोजून पाहावें, एवढेंच आम्ही म्हणतों. त्या दगडांत एक हिशेब लिहिलेला आहे, आणि तो अजून चुकीचा ठरलेला नाहीं. बावखल बुजविलें म्हणजे त्यांत मावणारें पाणी नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या तरी दारीं जातें.

तेव्हां ज्यांना घर उतरविणें भाग आहे त्यांना आम्ही अडवीत नाहीं. भावांच्या वांटण्या, मुलांचें शिक्षण, कर्ज, हीं ओझीं ज्याचीं त्याला ठाऊक. परंतु घर उतरविण्यापूर्वीं एक दिवस द्यावा, ही आमची विनंती आहे. घर किती खणांचें, तें मोजावें. जोत्याची उंची मोजावी. ओटी कोणत्या दिशेला, आल्तार कोणत्या भिंतीवर, गोठा कोणत्या बाजूस, खळें, उकिरडा व विहीर यांचीं अंतरें किती, हें एका कागदावर रेखाटावें. रेषा वांकड्या आल्या तरी चालतील. खांबांचें लांकूड कोणतें, कौलावर कोणता ठसा, तें लिहावें. घरांतील वडील बाईला बसवून प्रत्येक भागाचें नांव तिच्या बोलींत विचारावें व तसेंच उतरून घ्यावें, पुस्तकी करूं नये. कारण कुपारी घरांतला शब्द व वाडवळ घरांतला शब्द एकच असेल असें नाहीं. तें घर कोणीं बांधलें हें ठाऊक असेल तर सुताराचें व गवंड्याचेंही नांव लिहावें. त्यांचीं नांवें आजवर कोणीं लिहिलीं नाहींत. आणि ज्याच्या वाडींत बावखल अजून आहे, त्यानें घर बांधतांना निदान तेवढें सोडून बांधावें.

आजचीं लहान मुलें यांत उपयोगी पडतील. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मोठ्या मुलामुलींनीं दोघां-दोघांनीं एक घर घेतलें, तर आमच्या धर्मग्रामांतील उरलेलीं कौलारू घरें एका उन्हाळ्याच्या सुटींत मोजून होतील, असा आमचा अंदाज आहे. माप घेतांना दोरी वापरावी. जुन्या घराच्या भिंती सरळ नसतात, आणि लोखंडी फीत कोंपऱ्यांत अडते. माळ्यावर चढतांना वडील माणूस बरोबर असावा. फादरांच्या परवानगीनें एक जाड बांधणीची वही धर्मग्रामाच्या कचेरींत, बाप्तिस्म्याच्या दप्तराशेजारीं ठेविली आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर ती उघडी असेल.